अमेरिकेतल्या टीव्ही स्टेशनवर शनिवार सकाळचे शैक्षणिक कार्यक्रम कसे बसवायचे

आधी हिशेब. परवान्याचं नूतनीकरण बिनबोभाट व्हायचं असेल, तर एफसीसी (अमेरिकेतली प्रसारण नियामक संस्था) हिच्या २०१९च्या सुधारित नियमांप्रमाणे १६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वर्षाला १५६ तास शैक्षणिक कार्यक्रम लागतात, तेही सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत. अर्ध्या तासाचे ३१२ भाग झाले. आठवड्याला सहा भाग लावले की बेरीज काटेकोर जुळते, पण एक भाग हुकला की खड्डा पडतो. म्हणून सातवा भाग रविवारी लावून ठेवा.

सिंडिकेशनचे, म्हणजे वितरक अनेक स्टेशनांना पुरवतो ते, भाग बहुधा बार्टरवर (अदलाबदलीवर) मिळतात: वितरक पैसे घेत नाही, जाहिरातींची काही मिनिटं स्वतःकडे ठेवतो. घोळ इथेच होतो. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या कार्यक्रमात शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटंच जाहिरात चालते, म्हणजे एकट्या अर्ध्या तासाला ५ मिनिटं १५ सेकंद. ट्रॅफिक विभाग (जाहिराती वेळापत्रकात बसवणारा) फक्त आपल्या स्थानिक जाहिराती मोजतो, वितरकाच्या विसरतो. रात्रीच्या गुन्हेगारी मालिकेचा प्रोमोसुद्धा यातच धरला जातो. कार्यक्रमातल्याच पात्राच्या खेळण्याची जाहिरात मधल्या ब्रेकमध्ये आली तर अख्खा अर्धा तास जाहिरात ठरतो. १३ ते १६ वयोगटाच्या कार्यक्रमांना ही मर्यादा नाही. वन्यजीव, प्रवास, विज्ञान असे इतके कार्यक्रम नेमके याच वयाचे का, ते यावरून कळेल. वयोगट वितरकाकडून लेखी घ्या.

‘ई/आय’ हे शैक्षणिक व माहितीपर कार्यक्रमाचं चिन्ह पूर्ण कार्यक्रमभर पडद्यावर दिसलं पाहिजे. ते बहुधा फाइलमध्येच असतं, पण त्याच कोपऱ्यात स्टेशनचा लोगो बसला की झाकलं जातं. त्यामुळे फाइल आल्यावर लोगो लावूनच पाहा, नुसती फाइल पाहून उपयोग नाही.

आता खरी डोकेदुखी: खेळांचं थेट प्रक्षेपण. पूर्व किनाऱ्यावर दुपारी १२ला सुरू होणारा कॉलेज फुटबॉलचा सामना पश्चिम किनाऱ्यावर सकाळी ९लाच येतो. तिकडच्या स्टेशनांनी सहाही भाग ६ ते ९मध्येच आटपावेत. सात वाजता पहिला भाग लावलात तर शेवटचे दोन सामन्याखाली जातात. हुकलेला भाग त्याच वाहिनीवर आधीच्या किंवा नंतरच्या सात दिवसांत दाखवा आणि त्याच्या मूळ वेळेला नवी वेळ पडद्यावर कळवा. ही सूचना राहिली तर भाग पुन्हा दाखवूनही तास मोजले जात नाहीत. ताज्या बातमीसाठी भाग काढावा लागला, तर मात्र सूट आहे.

वार्षिक अहवाल ३० जानेवारीपर्यंत भरायचा असतो. तो वेळापत्रकावरून नव्हे, प्रत्यक्ष प्रसारणाच्या लॉगवरून भरा, आणि दर तिमाहीला दर आठवड्याला ठरल्या वेळी लागणाऱ्या कार्यक्रमांचे किमान २६ तास भरले का, ते तिमाही संपण्याच्या तीन आठवडे आधी पाहा; त्यानंतर भरून काढायला शनिवार उरत नाहीत.