सिल्व्हर शॅडो घेताय? मायलेज नंतर बघा, आधी ब्रेक मोजा

रोल्स-रॉईस सिल्व्हर शॅडो (1965–80) बघायला गेलात की मालक आधी सीटचं चामडं, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड आणि कमी मायलेज दाखवतो. पण वर्षानुवर्षं एकाच घरात असलेली, गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी बहुतेक वेळा नेमाने पळवलेल्या गाडीपेक्षा महाग पडते. कारण तिचं हायड्रॉलिक्स, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी ब्रेकची यंत्रणा. उभ्या गाडीत तेल ओलावा धरतं, सील कडक होतात, पाइप आतून गंजतात.

इंजिनावर चालणारे दोन पंप ब्रेकचं तेल दोन ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या गोळ्यांमध्ये, भरतात. प्रत्येकात रबरी पडद्यापलीकडे नायट्रोजन असतो, आणि दाब सुमारे 2500 पीएसआयपर्यंत चढतो. नायट्रोजन झिरपून गेला तर इंजिन बंद पडल्यावर ब्रेकसाठी साठा उरत नाही. नंतरच्या गाड्यांत या दोन मार्गांखेरीज असलेला, थेट पायाच्या जोरावर चालणारा तिसरा मार्गही काढून टाकला आहे, म्हणून ही चाचणी टाळू नका.

इंजिन पाचेक मिनिटं चालू ठेवा. ब्रेकचे दोन्ही इशारा-दिवे विझले पाहिजेत. इंजिन बंद करा, फक्त इग्निशन चालू ठेवा. आता पेडल दाबत-सोडत मोजा आणि कुठला दिवा कितव्या दाबाला लागला ते लिहून ठेवा. चाळीस किंवा जास्त म्हणजे उत्तम. विसाच्या आत लागला तर ॲक्युम्युलेटरच्या ओव्हरहॉलचा खर्च किमतीतून वजा करा. दहाच्या आत लागला तर गाडी चालवू नका, उचलून न्या.

ब्रेकचं तेल फक्त आरआर363, हे याच गाड्यांसाठीचं तेल. त्यात एरंडेलाचं वंगण असतं. नुसतं डॉट 4, म्हणजे नेहमीचं ब्रेक ऑइल, भरलं की ब्रेक दाबताना व्हॉल्व्ह किंचाळायला लागतात. 1980 नंतरच्या सिल्व्हर स्पिरिटचं खनिज तेल तर चुकूनही नको. त्याने रबर फुगतं आणि सगळी यंत्रणा खोलावी लागते. टाकीचं झाकण काढून बघा: तेल काळपट, तळाशी गाळ असेल तर टाकी उतरवून धुवावी लागेल. तेल दर दोन वर्षांनी बदलावं. कुठलाही पाइप सैल करण्याआधी इंजिन बंद ठेवून यंत्रणेतला दाब पूर्ण उतरवा. दाब शिल्लक असताना जोड उघडला तर तेलाची धार कातडीत घुसते.

चालवून आल्यावर प्रत्येक रिमजवळ तळहात धरा, टेकवू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला होज (ब्रेकची रबरी नळी) आतून सुजून तेल परत सोडत नाही, किंवा कॅलिपरचा, म्हणजे ब्रेकची डिस्क आवळणाऱ्या भागाचा, पिस्टन अडकलाय. होजच्या वयाचा कागद नसेल तर सगळे बदला, एकेक करत बसू नका.

दारांखालच्या पट्ट्या (सिल) आणि मागच्या चाकांच्या कमानी चुंबकाने तपासा. पुट्टी असेल तिथे तो धरत नाही. इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, साध्या पाण्याने तो आतून गंजतो, तेव्हा रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी दिसलं तर लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याच्या) बुडाची गळती तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका.