एक्झॉस्ट सफाईचा दर सांगण्याआधी छतावर चढा

कमर्शियल किचनच्या एक्झॉस्ट सफाईच्या धंद्यात नवीन असाल, तर नुसतं हूड (शेगडीवरचं धूर ओढणारं छत्र) बघून दर सांगू नका. हूड रोज पुसलं जातं, ते चकचकीतच दिसणार. खरा चिकट थर साठतो तो डक्टच्या, म्हणजे धूर छतापर्यंत नेणाऱ्या नळीच्या, आडव्या भागात आणि छतावरच्या पंख्याच्या पात्यांमागे. पात्यावरून बोट फिरवलं की कामाचा अंदाज येतो. डक्टला उघडायची झाकणं नसतील, तर तेवढा भाग साफ होणार नाही हे कोटेशनमध्येच लिहा. नाहीतर उद्या आग लागली की बोट तुमच्याकडे.

एनएफपीए ९६ हे अमेरिकी मानक लाकूड-कोळशाच्या भट्टीसाठी दरमहा, तर चोवीस तास चालणाऱ्या किचनसाठी दर ३ महिन्यांनी तपासणी सांगतं. गिऱ्हाईक बांधायला हे वेळापत्रक फार कामाचं.

कॉस्टिक सोडा स्टीलवर चालतो. ॲल्युमिनियमच्या फिल्टरला मात्र लावू नका, काळा पडतो आणि झिजतो. (हा धडा बरेच जण फिल्टर भरून देऊनच शिकतात.) गॉगल आणि लांब हातमोजे हवेतच. हात घालण्याआधी गॅस, पायलट (शेगडीत सतत जळणारी छोटी ज्योत) बंद करा. पंख्याचा मेन स्विच पाडून कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात.