शेतातल्या समाध्यांची नोंद: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

खान्देशातल्या गोसावी घरांमध्ये मृताला समाधी देतात आणि कित्येक घराण्यांची ही जागा त्यांच्याच शेतात, विहिरीजवळ किंवा बांधाला असते. गिरणाकाठच्या अशा एका छोट्या जागेची नोंद मी केली. इतिहासाच्या किंवा पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना हे काम जवळचं आणि करण्यासारखं आहे, म्हणून लिहितो.

आधी एक मनात पक्कं करा. ज्या दगडावर अक्षरं नाहीत, त्याची नोंद अगोदर घ्यायची. कोरीव लेख, पिंडी, पादुका असलेली समाधी आणखी पन्नास वर्षं कुणीही वाचेल. पण बायकांचे साधे ओटे आणि लहान मुलांच्या जागेवर रचलेले गोटे कुणाचे, हे एखाद्या म्हातारीलाच माहीत असतं. आमच्या कामात घरातल्या थोरल्या आजी निंबाखालच्या चार दगडांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आठे मन्हा धाकला दीर शे" (इथे माझा धाकटा दीर आहे). त्या नव्या नवरी असताना तो गेला होता. कुठल्याच कागदावर त्याचं नाव नव्हतं. आम्ही त्या दगडांना क्रमांक दिला, आजी म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत उतरवलं आणि कोणी सांगितलं, कधी सांगितलं हेही लिहिलं.

म्हणूनच माणसांना भेटायला आखाजीसारखा, म्हणजे अक्षय्य तृतीयेसारखा, दिवस नाही. पितरांची घागर भरायची असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, सुरत-नाशिकला गेलेले भाऊबंदही येतात. आत्या आणि आज्यांना आवर्जून विचारा. पुरुष वंशावळ सांगतात ती बापाकडून मुलाकडे सरळ जाते. सुना, लेकी, दगावलेली बाळं त्यात गळतात. मोजमापाला मात्र आखाजीचं ऊन नको. शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की जानेवारी-फेब्रुवारीत जा. गवत वाळलेलं असतं, पाय कुठे पडतोय ते दिसतं.

परवानगी दोघांची लागते: घराण्यातल्या वडीलधाऱ्यांची आणि आज जमीन ज्याच्या नावावर आहे त्याची. शेत विकलं गेलं असेल तर ही दोन वेगळी माणसं असतात. सातबारा काढा, पोटखराब (लागवडीला न येणारं) क्षेत्र आणि इतर हक्काचा रकाना बघा, जुने फेरफार म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी मागा.

नकाशासाठी मोबाईलच्या जीपीएसवर विसंबू नका. त्यात काही मीटरचा फरक सहज पडतो आणि इथे दोन ओट्यांमधलं अंतरच हातभर असतं. विहिरीचा कोपरा आणि बांधावरचा हद्दीचा दगड असे दोन पक्के बिंदू धरा, त्यांच्यातलं अंतर मोजा. मग प्रत्येक ओट्याच्या कोपऱ्यापासून या दोन्ही बिंदूंपर्यंत टेप लावा. घरी कागदावर कंपासने दोन कंस काढले की ते छेदतात तिथे तो कोपरा. उत्तर दिशा दाखवा. क्रमांकाची चिठ्ठी आणि मोजपट्टी दगडाशेजारी ठेवून फोटो घ्या. दगडावर काहीही लिहू नका.

लेख वाचायला पीठ, खडू, शेंदूर, तेल यातलं काही चोळायचं नाही. तारेचा ब्रश आणि ॲसिड तर अजिबात नाही. मऊ ब्रशने धूळ झटका, फार तर साधं पाणी. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. दुपारी गेलात तर आरशाने बाजूने उजेड पाडा. घरच्यांनी ऑइल पेंट दिलेला असेल तर तो खरवडू नका; आडव्या उजेडात त्याखालची कोरीव रेघ कळते.

तिथीचं गणित येणं फार उपयोगी पडतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. तिथी माघ-फाल्गुनातली असेल तर ७९; पौषातली असेल तर ती एक जानेवारीच्या आधीची की नंतरची ते बघा. संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव दिलं असेल तर आकड्याची खात्री करता येते. समजा झिजलेला आकडा १८२० की १८३० ते कळत नाही, पण शेजारी 'विलंबी' वाचता येतं. शकात १२ मिळवून ६० ने भागा. १८२० ला बाकी ३२ येते, आणि प्रभव या पहिल्या नावापासून बत्तिसावा संवत्सर विलंबीच. १८३० ला बेचाळिसावा, म्हणजे कीलक आला असता. तेव्हा शके १८२०, इसवी सन १८९८.

नात्यांबाबतही सावध राहा. लेखात 'चेला' असेल तर ती गुरुशिष्य परंपरा असते, त्याला मुलगा धरून वंशावळीत बसवू नका. नावं जुळवायला त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंची नावं लिहून ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्या बघा. घराण्यातलं कोण कधी येऊन गेलं ते तिथे सापडू शकतं. घरात मोडी कागद निघाले आणि वाचता येत नसतील तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचारा. १९२७ पासूनची ही संस्था आहे.

काम झाल्यावर एक छापील प्रत घराण्याला द्या, एक तुमच्या विभागात ठेवा. गट क्रमांक आणि नेमकी जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका. गुप्तधनाच्या नादाने जुन्या समाध्या उकरणारी माणसं आहेत, आणि शेतातल्या समाधीला रात्री राखण नसते. फोटो टाकायचाच असेल तर घरच्यांना विचारून, गावाचं नाव न देता टाका.