मंत्रचळ असताना पेपर कसा द्यायचा

दहावीच्या गणितात मी पहिलं उदाहरण चार वेळा सोडवलं. चारही वेळा उत्तर तेच आलं. शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले आणि घरी ठरलं, पोरीचा अभ्यास कमी पडला. अभ्यास झाला होता. मला ओसीडी होता, म्हणजे तीच शंका पुन्हा पुन्हा येऊन तेच पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, ज्याला आपण मंत्रचळ म्हणून हसण्यावारी नेतो. पुढे बारावी, बी.ए., बी.एड. असे ढीगभर पेपर दिले. आता गोव्यात, डिचोलीत शिकवते, आणि माझ्यासारखं एखादं मूल दर वर्षी वर्गात दिसतंच. त्याला जे सांगते, ते इथे.

कागदपत्रं शाळा सुरू होताच मार्गी लावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो, आणि परीक्षेतल्या सवलतीसाठीचा अर्ज शाळेमार्फत पर्वरीच्या शिक्षण मंडळाकडे जातो. म्हणून मुख्याध्यापकांना आजाराचं नाव स्पष्ट सांगा, ‘जरा टेन्शन घेते’ असं नको. उपचारांसाठी बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. (बांबोळी म्हटलं की लोकांना गोवा मेडिकल कॉलेजच आठवतं, त्यामुळे शेजाऱ्यांच्या चौकशांतूनही सुटका.)

गोळ्या. ओसीडीवरच्या गोळ्यांचा पुरता गुण यायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात, तेव्हा परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करणं तर मुळीच नाही. आणि काकूची झोपेची गोळी पेपराआधी घेऊ नका. पेपरात गुंगी राहील, लक्ष लागणार नाही.

अभ्यासाचं वेळापत्रक तुमचं तुम्ही कराल. शिगम्याचे ढोल वाजतील, वाजू द्या.

खरी कसोटी लागते ती उत्तरपत्रिका हातात आल्यावर. आमच्याकडे देवाला कौल लावतात, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली की होकार. डावी पडली म्हणून कुणी लगेच पुन्हा लावायला लागलं, तर पुजारी डोळे वटारतो. मंत्रचळ तसाच पुन्हा पुन्हा कौल लावायला लावतो, आणि उजवी पडली तरी म्हणतो, आणखी एकदा. बैठक क्रमांक बरोबर आहे ना? बघ. मघाशी बघितलास, पण नीट बघितलास का? प्रत्येक वेळी बघितलं की क्षणभर हायसं वाटतं आणि त्या हायशावरच हा आजार पोसला जातो.

म्हणून तपासायचं नाही. क्रमांक एकदा लिहायचा, एकदा वाचायचा, पान उलटायचं. चुकलं तर एक आडवी रेघ, पुढचं वाक्य. खोडरबर फक्त आकृत्यांसाठी. छातीत धडधडेल, ‘चुकलंय, चुकलंय’ असं आत कोणीतरी ओरडत राहील. त्याला ओरडू द्या आणि लिहीत राहा. त्याला उत्तर दिलं नाही की बहुतेक वेळा ते आपोआप खाली येतं, पण तेवढा वेळ त्याला द्यावा लागतो. पहिल्यांदा मला ती दहा मिनिटं दहा तासांसारखी वाटली होती.

हे परीक्षेच्या दिवशी अचानक जमत नाही. तीन महिने आधीपासून, आपल्या समुपदेशकाशी बोलून, घरी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा आणि मुद्दाम एक चूक ठेवा. एखादा काना देऊ नका, एखादा शब्द अशुद्ध लिहा, आणि तसाच कागद आईच्या हाती द्या. मी पहिल्या कागदावर ‘शाळा’चा ‘शळा’ केला आणि रात्रभर तळमळले. सातव्या-आठव्या कागदाला झोप लागली.

‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला मला प्रत्येकाने दिला. मी सात वेळा घ्यायला लागले, मग सातच का म्हणून चौदा, आणि त्यात प्रश्नपत्रिका वाचायची राहिली. मंत्रचळ असलेल्याला मोजायला काही देऊ नका. जादा वेळेचंही तसंच: बारावीत मला तो मिळाला, आणि पहिल्या पेपराला मी तो सगळा तपासण्यात घालवला. वेळ मिळाला तर तो कुठल्या प्रश्नाला द्यायचा, हे घरून ठरवून जा.

पेपर सुटला की आंब्याखाली उत्तरं जुळवत उभं राहायचं नाही. कदंबची बस पकडायची.

घरी मात्र पालकांचं काम सुरू होतं. मूल विचारेल, ‘तो प्रश्न बरोबर असेल ना?’ ‘हो गं, असेल’ म्हणालात की तुम्हीही त्याच्यासाठी कौल लावलात. पाच मिनिटांत पुन्हा विचारेल. आणि मुलांनो, रात्री जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर मात्र हे सगळे नियम बाजूला ठेवा: घरातल्यांना उठवा, 14416 लावा. टेली-मानसची ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास.

आमच्या आईला गप्प राहायला दोन पेपर लागले. दोन्ही दिवस ती ‘सगळें बरें जातलें गो बाये’ म्हणत राहिली आणि मी विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, तर तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, “म्हाका कितें खबर? जेवंक यो.”