गाडीच्या टपावरून कयाक, कनू आणि पॅडल बोर्ड न्यायचे तर रूफ रॅक कसा निवडावा

कयाक म्हणजे बसून वल्हवायची अरुंद होडी, कनू म्हणजे वरून उघडी लांब होडी, आणि पॅडल बोर्ड म्हणजे उभे राहून वल्हवायची फळी. त्या टपावरून नेणारा रूफ रॅक म्हणजे तीन भागांची साखळी. टपाला पकडणारे चार पाय, त्यांवरचे दोन आडवे बार आणि बारांवर बसणारा, बोट धरून ठेवणारा होल्डर. खरेदीला निघालेल्यांचे लक्ष बहुतेक वेळा होल्डरवर खिळते, कारण रंगीत पॅड आणि रोलर तिथेच असतात. सगळा भार मात्र शेवटी पायांवर येतो, आणि तीनपैकी जो भाग सर्वांत कमजोर असेल तेवढीच पूर्ण रॅकची ताकद. म्हणून निवड खालून वर करत जावी.

त्याआधी एक प्रश्न. तुमचा पॅडल बोर्ड हवा भरण्याचा असेल तर रॅक घेऊच नका. तो गुंडाळून पिशवीत जातो आणि डिकीत मावतो. जवळच्या धरणावर जायचे म्हणून फुगवलेला बोर्ड टपावर बांधून हायवेला नेणे धोक्याचे आहे: उन्हात आतली हवा प्रसरण पावते, पट्टे आवळलेल्या जागी ताण वाढतो, आणि एवढा मोठा हलका पृष्ठभाग वाऱ्याला आयताच सापडतो. रॅक लागतो तो कडक बोर्डांना, प्लास्टिक किंवा फायबरच्या कयाकना आणि कनूंना.

१. आधी टप ओळखा

टपावर दोन उभे रेल असतील आणि रेल व पत्र्याच्या मधून बोटे आरपार जात असतील तर ते उंचावलेले रेल. त्यांना क्लॅम्पचे पाय बसतात. रेल टपाला चिकटून, मध्ये फट नसलेला असेल तर त्याच मॉडेलसाठी बनवलेले पाय लागतात. रेलच नसतील तर पाय दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला अडकवतात, आणि त्यासाठीचे किट प्रत्येक मॉडेलचे, कधीकधी प्रत्येक वर्षाचे वेगळे असते. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असे लिहिलेले किट अशा टपासाठी घेऊ नये. पाय दोन-तीन मिलिमीटर जरी चुकीचा बसला तरी पत्रा दबतो, दाराचे रबर उचलले जाते आणि पाणी आत येते. ऑम्नी किंवा जिप्सीसारख्या जुन्या गाड्यांना टपाच्या कडेने पावसाच्या पाण्याची पन्हळ असते. रॅक बसवायला याहून सोपी आणि भक्कम जागा नाही. कापडी हूडवर मात्र रॅक बसतच नाही.

इथेच सर्वांत मोठी फसगत होते. आपल्याकडच्या अनेक गाड्यांवरचे रेल शोभेचे असतात. दिसायला अगदी खऱ्यासारखे, पण क्लिपांवर किंवा चिकटपट्टीवर बसवलेले. हलवून पाहून हे कळत नाही. गाडीसोबत आलेली मालकाची पुस्तिका उघडा आणि टपावरच्या भाराचे पान शोधा. तिथे रेलवर सामान बांधू नये असे लिहिले असेल, किंवा वजनाचा आकडाच दिला नसेल, तर ते रेल नाहीत असे समजून पुढे जा. ‘सगळे लावतात, काही होत नाही’ असे दुकानदार म्हणेल. आकडा मात्र पुस्तिकेतलाच धरा.

२. वजनाचे गणित कागदावर मांडा

पुस्तिकेतला आकडा चालत्या गाडीसाठीचा असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो ५० ते ७५ किलोंच्या आसपास असतो. पाय, बार आणि होल्डर यांचे वजनही त्याच आकड्यातून जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

समजा मर्यादा ५० किलो आहे. ॲल्युमिनियमचे बार पायांसकट ६ किलो, एका कयाकच्या होल्डरची जोडी ४ किलो. उरले ४० किलो. एका माणसाची प्लास्टिकची कयाक साधारण २० ते २५ किलोंची असते, ती आरामात बसली. दोघांची ‘सिट-ऑन-टॉप’ (आत न शिरता वरच बसायची) कयाक ३० ते ३५ किलो, तीही बसते, पण फारशी सूट उरत नाही. आता २२ किलोंच्या दोन कयाक घ्यायच्या म्हटले तर ४४ किलो बोटींचे, ८ किलो दोन होल्डर-जोड्यांचे, ६ किलो बारांचे: एकूण ५८. हे बसत नाही. कडक पॅडल बोर्ड १० ते १४ किलोंचा, त्यामुळे दोन बोर्ड सहज जातात.

गाडीच्या पुस्तिकेतला आकडा, पायांवरचा, बारांवरचा आणि होल्डरवरचा, यांपैकी जो सर्वांत लहान तोच पाळायचा. टूरिस्ट गाड्यांवर दिसतो तसा लोखंडी कॅरिअर बोटीसाठी घेऊ नये. त्याचे स्वतःचेच वजन बरेच असते आणि त्याची उभी कड नेमकी बोटीच्या तळाला टोचते. वल्ही, लाइफ जॅकेट, पंप गाडीत ठेवा. निघण्यापूर्वी बोटीतले पाणी ओतून टाका, कारण प्रत्येक लिटर म्हणजे टपावर एक किलो, आणि तेही वळणावर एका बाजूला धावणारे.

३. लांबी मोजा

आपल्याकडे हा मुद्दा थेट दंडाशी जोडलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) नुसार माल बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीपेक्षा बाहेर आला तर २०,००० रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा. मागे लाल फडके बांधले की झाले, असे समजू नका. तुमच्या गाडीसाठी नेमकी मर्यादा काय, हे बोट घेण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

१० फुटी कयाक ३.०५ मीटर, १२ फुटी ३.६६ मीटर, १४ फुटी ४.२७ मीटर, १६ फुटी कनू ४.८८ मीटर. चार मीटरच्या आतल्या अनेक गाड्या ३.९९५ मीटरच्या आहेत, एर्टिगा ४.३९५, इनोव्हा क्रिस्टा ४.७३५. आकडे पाहून १२ फुटी कयाक लहान गाडीवर सहज जाईल असे वाटते, पण बार टपावर असतात आणि टप बॉनेटच्या मागे सुरू होतो, म्हणजे बोट मागे सरकते. यासाठी मागच्या बंपरपासून दोन्ही बारांच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर जमिनीवर मोजा आणि त्याची दुप्पट करा. मधोमध ठेवलेली बोट एवढ्या लांबीपर्यंत मागे बाहेर येत नाही. अंतर १.६ मीटर आले तर ३.२ मीटर, म्हणजे १० फुटी बोट आत राहते आणि १२ फुटी साधारण २३ सेंटिमीटर मागे येते. तेवढी ती पुढे सरकवता येते. त्याहून फार पुढे नेली तर बॉनेटवर लोंबणाऱ्या टोकाखाली वारा शिरतो आणि पुढचा पाय उपटू पाहतो.

मोजताना डिकीचे दारही पूर्ण उघडून पाहा. ते बोटीवर आपटत असेल तर सामान आधी भरून मगच बोट चढवावी लागेल.

४. बार

चौकोनी लोखंडी बार स्वस्त आणि ताठ असतो, पण वाऱ्यात आवाज करतो आणि कोकणच्या खाऱ्या हवेत कापलेल्या टोकांपासून गंजत येतो. विमानाच्या पंखासारख्या छेदाचा ॲल्युमिनियम बार महाग, शांत आणि हलका. त्याच्या वरच्या खाचेत होल्डरचे बोल्ट सरकवून बसवता येतात, म्हणून रॅक वारंवार काढ-घाल करणाऱ्याने हाच घ्यावा. होल्डरचे बोल्ट त्या खाचेच्या मापाचे आहेत ना, हे दुकानातच बसवून पाहा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत.

दोन बारांमधले अंतर जेवढे जास्त तेवढी बोट स्थिर. ७० सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये, १२ फुटी बोटीला मीटरभर मिळाले तर उत्तम. रेल नसलेल्या टपाच्या किटमध्ये पायांची जागा ठरलेली असते, तिथेच बसवावे. सनरूफ असेल तर ते वर उचलले जाऊन बाराला लागते का, ते हळूच तपासा. बार आरशांच्या बाहेर येऊ देऊ नका, उतरता-चढताना डोक्याला लागतो.

५. कोणत्या बोटीला कोणता होल्डर

प्लास्टिकची कयाक उन्हात मऊ पडते. एप्रिल-मे महिन्यात ती सपाट तळावर, नुसत्या बारांवर आवळून बांधली तर तळाला दोन खड्डे पडतात, आणि असा तळ पाण्यात सरळ चालत नाही. तिची खरी ताकद कडेला असते. म्हणून तिला कुशीवर उभी धरणारा जे-क्रेडल (इंग्रजी J अक्षराच्या आकाराचा होल्डर) सर्वांत चांगला. टपावरची जागाही कमी लागते: दोन कयाक आडव्या ठेवायला सुमारे दीड मीटर रुंदी हवी, जे-क्रेडलमध्ये निम्म्याच्या आसपास पुरते. तोटा असा की बोट बरीच उंच उचलावी लागते आणि आडव्या वाऱ्याला ती जास्त सापडते. एकट्याने चढवणाऱ्याने किंवा उंच गाडी असणाऱ्याने मागच्या बाजूला रोलर असलेला होल्डर पाहावा: पुढचे टोक रोलरवर टेकवायचे आणि मागून ढकलायचे.

फायबरची कयाक कडेवर दाबली तर तडकू शकते. तिला तळाच्या गोलाईप्रमाणे झुकणारे रुंद पॅडचे होल्डर लागतात. ते बोटीच्या आतल्या आडव्या भिंतींच्या जवळ येतील असे बसवावेत.

कनूला होल्डर लागतच नाही. ती पालथी, दोन्ही काठ थेट बारांवर टेकवून न्यायची. काठ सरकू नयेत म्हणून बारावर चार लहान कोनी ब्रॅकेट बसवले की झाले. रुंदी ९० सेंटिमीटरच्या आसपास असते, तेवढा मोकळा बार हवा.

कडक पॅडल बोर्ड बारांवर फोमचे आवरण चढवून पालथा ठेवावा: उभे राहायची बाजू खाली, फिन (तळाचा माशाच्या कल्ल्यासारखा भाग) वर आणि गाडीच्या पुढच्या बाजूला. वारा बोर्डाला मागे ढकलतो तेव्हा फिन पुढच्या पट्ट्याला अडते आणि बोर्ड निसटत नाही. निघणारी मधली फिन काढून ठेवली तरी कडेच्या लहान फिन हे काम करतात. दोन बोर्डांच्या मध्ये जाड टॉवेल किंवा फोम घाला.

६. उंची

१.६३५ मीटर उंचीची क्रेटा धरा. त्यावर बार १२ सेंटिमीटर, जे-क्रेडलमधली कयाक ७० सेंटिमीटर: जवळजवळ २.४५ मीटर. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगला आणि मॉलच्या तळघराला हे लागण्याची पुरेपूर शक्यता आहे. मोजलेला आकडा कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. तारकर्ली-देवबागच्या वाड्यांतल्या अरुंद रस्त्यांवर आंब्याच्या फांद्या आणि खाली आलेल्या वायरी यांचाही हिशेब ठेवावा लागतो.

७. पट्टे आणि दोऱ्या

रॅकइतकेच पैसे इथे मोजायला हरकत नाही. २५ मिलिमीटर रुंदीचे, दातेरी बकल असलेले पॉलिएस्टरचे पट्टे घ्या. नायलॉन भिजले की ताणते, म्हणून पावसात सैल पडते. खटक्याचा रॅचेट पट्टा नको, त्याची ओढ हाताला कळत नाही आणि तळ चेपतो. सामान बांधायचे लवचिक हुकवाले रबर आणि काथ्या तर नकोच.

प्रत्येक बाराला एक पट्टा. तो बोटीवरून टाका, बाराखालून घ्या, परत वरून आणून बकलमध्ये ओढा. पट्टा बोटीला अगदी लागून बाराखाली जायला हवा. लांब राहिला तर बोट बाजूला सरकते. बकलच्या धातूखाली कापड घाला. पट्ट्याला मोकळ्या भागात एक पीळ द्या, नाहीतर ६० किलोमीटर वेगाला तो घोंघावू लागतो. उरलेले टोक गाठ मारून आत खोचा.

यानंतर पुढच्या आणि मागच्या टोकाला दोरी. लहान बोर्डाला ती नसली तरी चालते, पण दहा फुटांवरच्या कयाकला आणि कनूला ती हवीच, कारण रॅकचा पाय सुटला तर बोट गाडीवर धरून ठेवणारे तेवढेच उरते. पुढे दोरी बांधायला बंपरमध्ये फिरवून बसवायचा टोइंग हुक बऱ्याच गाड्यांच्या टूलकिटमध्ये असतो. त्याहून चांगले म्हणजे बॉनेटखालच्या बोल्टमध्ये अडकवलेले पट्ट्याचे दोन फास. बॉनेट बंद केल्यावर फास बाहेर येतात, आणि दोन्हींकडून बोटीच्या टोकापर्यंत दोरीचा उलटा ‘व्ही’ होतो. त्याने बोट डावी-उजवीकडेही जात नाही. दोरी नुसती ताठ असावी. करकचून ओढली तर बोट धनुष्यासारखी वाकते. सुटे टोक कधीही लोंबू देऊ नका, चाकाखाली गेले तर बोट खेचून खाली आणेल.

८. निघण्यापूर्वी आणि वाटेत

बोट दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. बोटीबरोबर पूर्ण गाडी डोलली पाहिजे. बोट वेगळी हलत असेल तर पट्टे सैल आहेत, बार हलत असेल तर पाय सैल आहेत. पायांचे बोल्ट रॅकसोबत आलेल्या किल्लीनेच, तिच्यावर दिलेल्या खुणेपर्यंत आवळा.

पहिल्या १५–२० किलोमीटरनंतर थांबून सगळे पुन्हा तपासा. पट्टे याच काळात बसतात आणि किंचित ढिले होतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० ऐवजी १०० ने गेलात तर रॅकवरचा जोर दीडपटीहून जास्त होतो. म्हणून एक्सप्रेसवेवरही ८० च्या आत राहावे. घाटात वळणावर दरीकडून येणारा झोत आणि समोरून जाणाऱ्या ट्रकचा धक्का जाणवला की आणखी सावकाश. पाऊस लागण्याची शक्यता असेल तर कयाकच्या बसायच्या जागेवर झाकण लावा.

पोहोचल्यावर गाडी उन्हात उभी राहणार असेल तर पट्टे सैल करा. परतल्यावर पाय, बार, बकल गोड्या पाण्याने धुवा. समुद्राचे मीठ बकलच्या स्प्रिंगमध्ये साठून तिची पकड घालवते. वापर नसेल तेव्हा रॅक उतरवून ठेवावा. पुन्हा चढवताना पट्ट्यांची शिवण, पायांखालचे रबर आणि बोल्टांचे आटे पाहा. शिवण उसवलेला किंवा उन्हाने पांढरट, खरखरीत झालेला पट्टा लगेच बदला.