ताजं इटालियन ट्रफल: कोणतं निवडावं, कसं पारखावं, कसं खावं

मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्ये ‘ट्रफल फ्राइज’ आता सर्रास मिळतात. त्यांना येणारा वास बहुतेक वेळा बाटलीतल्या तेलाचा असतो आणि त्या तेलाचा वास बहुधा प्रयोगशाळेत तयार केलेल्या एका गंधकयुक्त रसायनाचा. हे रसायन खऱ्या पांढऱ्या ट्रफलमध्येही असतं, पण तिथे त्याच्या जोडीला इतर कितीतरी सुगंधी द्रव्यं असतात. तेलात हा एकच सूर ठणाणा वाजत राहतो. त्यामुळे फ्राइज खाऊन कोणी ‘ट्रफल काही आपल्याला आवडत नाही’ असं ठरवलं असेल, तर त्याने अजून ट्रफल खाल्लेलंच नाही.

ट्रफल म्हणजे झाडांच्या मुळांशी संगत करून जमिनीखाली वाढणारी अळंबी. जमिनीखाली असल्यामुळे तिचे बीजाणू वाऱ्यावर उडून जाऊ शकत नाहीत. ते पसरायचे तर कोणीतरी जनावराने उकरून खायला हवं. म्हणून ट्रफल पिकलं की ते वास सोडतं. कुत्र्याचं शोधणं, बाजारातला भाव, स्वयंपाकाची पद्धत हे सगळं या वासाभोवती फिरतं. आणि ट्रफल मातीतून निघालं की तो वास उडून जायला लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या वासाला धरून आहेत.

पायरी १: महिना बघा, मग जात ठरवा

इटलीच्या १९८५च्या ७५२ क्रमांकाच्या कायद्यात ताजी विकता येतील अशा नऊ प्रकारांची यादी आहे. प्रवाशाला किंवा घरी मागवणाऱ्याला त्यातले चार-पाच नीट ओळखता आले तरी पुरे. हंगामाच्या तारखा प्रांतागणिक थोड्या मागेपुढे होतात.

*पांढरं ट्रफल*, शास्त्रीय नाव ट्युबर मॅग्नाटम. हंगाम साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, ऐन बहर नोव्हेंबरात. साल गुळगुळीत, फिकट पिवळसर, आकार ओबडधोबड. कापल्यावर आत तपकिरी गर आणि त्यात पांढऱ्या बारीक शिरांची नक्षी. वासात लसूण, मध, वाळलेलं गवत, मुरलेलं चीज असं सगळं एकत्र येतं. त्याची व्यापारी लागवड अजून नीट जमलेली नाही. ओलसर, चुनखडीच्या जमिनीत पॉप्लर, विलो, ओक, लिंडेन अशा झाडांखाली ते आपलं आपण येतं, त्यामुळे किलोचा भाव काही हजार युरोंच्या घरात जातो.

नाव निघतं ते इटलीच्या वायव्येकडच्या पिएमॉन्ते प्रांतातल्या आल्बा या गावाचं. त्या कीर्तीत जाकोमो मोर्रा या हॉटेलमालकाचा मोठा वाटा आहे. वर्षातलं उत्तम ट्रफल जगातल्या एखाद्या नामवंताला भेट पाठवायचं, हा परिपाठ त्याने सुरू केला. १९४९ साली ते हॉलिवूडची अभिनेत्री रिटा हेवर्थला गेलं, १९५१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना. पण हीच जात मार्के प्रांतात आक्वालान्याला, तोस्कानात सान मिनियातोला आणि दक्षिणेकडे मोलिझेतही निघते. आल्बाचं नाव लागलं की भाव चढतो. नाक मात्र नाव वाचत नाही, म्हणून आक्वालान्याचं चांगलं ट्रफल मिळालं तर बिनधास्त घ्या.

*उंची काळं ट्रफल*, ट्युबर मेलॅनोस्पोरम. उंब्रियातली नॉर्चा आणि स्पोलेतो ही याची गावं. डिसेंबर ते मार्चचा मध्य हा याचा काळ. सालीवर बारीक पिरॅमिडसारखे उंचवटे असतात. आत जांभळट काळा गर आणि पांढऱ्या शिरा दिसतात, आणि हवा लागली की त्या शिरा तांबूस होत जातात. वास ओल्या मातीचा, कोकोचा, काळ्या ऑलिव्हचा. हे लागवडीतूनही येतं, म्हणून पांढऱ्यापेक्षा बरंच स्वस्त. पहिल्यांदाच ट्रफल खाणार असाल तर माझं मत याच्या बाजूने आहे. याचा वास अंगावर येत नाही, थोडी उष्णता सोसतो, आणि घरच्या स्वयंपाकघरात एखादी चूक झाली तरी हे पदरात काहीतरी टाकून जातं.

*ब्यांकेत्तो* किंवा *मार्त्सुओलो*, ट्युबर बोर्की. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. रावेन्नाजवळच्या किनारपट्टीवरच्या पाइनच्या रानांतही हे सापडतं. दिसायला पांढऱ्या ट्रफलचं धाकटं भावंड, वास लसणाकडे जास्त झुकलेला. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणी ‘ताजं पांढरं ट्रफल’ म्हणून काही पुढे केलं तर ते हेच असतं, हे पक्कं लक्षात ठेवा. ब्यांकेत्तो म्हणून, ब्यांकेत्तोच्या भावाने घेतलं तर हा फार छान सौदा आहे. अंडी आणि उकडलेल्या बटाट्याबरोबर तर उत्तमच.

*स्कोर्त्सोने*, ट्युबर एस्टिव्हम, म्हणजे उन्हाळी ट्रफल. मे-जूनपासून ऑगस्टपर्यंत. मोठ्या खरबरीत फोडांची काळी साल, आत फिकट गर, वास मवाळ, हेझलनटची आठवण करून देणारा. आपल्याकडची शाळेची मे महिन्याची सुट्टी धरून इटलीला जाणाऱ्यांच्या ताटात बहुधा हेच येतं. शरद ऋतूत मिळणारं *उंचिनातो* बाजारात वेगळं विकलं जातं. डीएनए तपासणीत दोघं एकाच जातीची ठरली आहेत, तरी उंचिनातोचा गर जास्त गडद आणि वास जास्त भरीव असतो.

काम्पानियातल्या बान्योली इर्पीनोचं काळं ट्रफल, ट्युबर मेसेंटेरिकम, ही स्वतंत्र गोष्ट आहे. त्याला डांबराची, फिनेलची झाक असते. तिथल्या लोकांचा त्यावर जीव आहे. पाहुण्याने आधी थोडंसं चाखून बघावं.

कायद्याप्रमाणे ताजी ट्रफल जातवार वेगळी ठेवूनच विकावी लागतात. म्हणून पाटीवरचं लॅटिन नाव वाचायची सवय लावा. ‘काळं ट्रफल’ एवढंच लिहिलेलं असेल तर कोणतं, हे विचारा. यात आपल्या देशाशी जोडलेला एक धागाही आहे. मेलॅनोस्पोरमसारखं हुबेहूब दिसणारं ट्युबर इंडिकम १८९२ साली मसुरीच्या नमुन्यांवरून नोंदवलं गेलं. आज ते मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतं. वास अगदी क्षीण असतो, आणि इटलीच्या यादीत नसल्यामुळे तिथे ते ताजं विकायला परवानगी नाही.

पायरी २: चार जणांसमोर विकणाऱ्याकडून घ्या

आल्बाची जत्रा ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत शनिवार-रविवारी भरते. तिथे ठेवायच्या मालाची जाणकार आधी तपासणी करतात. आक्वालान्यात ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, नॉर्चात हिवाळ्याच्या शेवटी असे मेळे असतात. अशा ठिकाणी विक्रेत्याची पत पणाला लागलेली असते, त्यामुळे माल सहसा ताजा मिळतो.

जमल्यास शोधणाऱ्यासोबत एकदा रानात जा. लागोत्तो रोमान्योलो ही कुरळ्या केसांची कुत्र्याची जात यासाठीच नावाजलेली आहे. डुकरं वापरायला इटलीत बंदी आहे, कारण ती जमीन विस्कटतात. कुत्रा पुढच्या पायांनी उकरायला लागला की माणूस त्याला हलकेच बाजूला घेतो, खाऊ देतो आणि छोट्या फावडीने उरलेली माती काढतो. ट्रफल निघालं की खड्डा पुन्हा बुजवतो. तो बुजवला नाही तर मुळांवरचं बुरशीचं जाळं वाळतं आणि पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही. इटलीतलं हे ट्रफल शोधण्याचं ज्ञान २०२१ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं.

पायरी ३: हातात घ्या, दाबा, हुंगा

विकत घेण्याआधी हुंगू द्या म्हणायला अजिबात लाजू नका. वास घेऊ न देणाऱ्याकडून काही घेऊच नका.

आधी अंगठ्याने हलकेच दाबा. ट्रफल घट्ट हवं, नुसता किंचित लवचीकपणा चालेल. रबरासारखं दबत असेल तर ते शिळं आहे, दगडासारखं कडक आणि हलकं लागत असेल तर वाळलंय. मग नाकाजवळ धरा, दोन क्षण थांबा, पुन्हा घ्या. वास भरलेला आणि स्वच्छ हवा. अमोनियाची धार जाणवली की ते ट्रफल संपलं समजा. सालीवर बारीक भोकं असतील तर अळी आत शिरलेली असू शकते. खाचांमध्ये खूप माती भरलेली असेल तर ती काढून मगच वजन करायला सांगा, मातीला ट्रफलचा भाव देऊ नका. काळ्या ट्रफलची साल एका ठिकाणी नखाएवढी खरवडून बघता येते. आतला गर पांढरट दिसला तर ते पिकलेलं नाही, आणि न पिकलेल्याला वास येत नाही.

मोठ्या गोळ्याचा ग्रॅममागे भाव जास्त असतो, कारण तो मिरवायला बरा. वासाच्या बाबतीत छोटी ट्रफल काही कमी नसतात. माणशी पांढरं ८ ते १० ग्रॅम, काळं १० ते १५ आणि उन्हाळी त्याहून थोडं जास्त असा हिशेब धरा. दोघांना पांढऱ्याचा एक २० ग्रॅमचा गोळा भरपूर होतो.

पायरी ४: जपा, पण साठवून ठेवू नका

ट्रफल न धुता कोरड्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळा, झाकण असलेल्या काचेच्या बरणीत घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. कागद ओला होतो, तो रोज बदला. तांदळात पुरून ठेवायचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो पाळू नका, तांदूळ ट्रफलमधला ओलावा ओढून घेतो. बरणीत शेजारी दोन-तीन अंडी ठेवलीत तर मात्र कवचातून वास आत जातो आणि त्या अंड्यांचं ऑम्लेट ट्रफल न घालताही सुगंधी होतं.

पांढरं चार-पाच दिवसांत, काळं आठवड्याभरात संपवा. खास दिवसाची वाट बघत बसलात तर बरणीत नुसता गोळा उरेल.

पायरी ५: साफ करा, अगदी खायच्या आधी

मऊ ब्रशने माती झटका. काळ्याच्या खाचांत माती अडकली असेल तर गार पाण्याखाली क्षणभर धरून घासा आणि लगेच पुसून कोरडं करा. पांढऱ्याला पाणी शक्यतो लावूच नका. त्याची साल सोलायचीही गरज नाही.

पायरी ६: पांढरं कच्चं, काळं कोमट

पांढरं ट्रफल कधीही शिजवू नका. त्याचा वास इतका उडता असतो की कढईत तो मिनिटाभरात जातो. खालचा पदार्थ गरम, बेचव म्हणावा इतका साधा आणि स्निग्ध हवा. वाफ वास वर आणते, लोणी तो धरून ठेवतं. पिएमॉन्तेत म्हणूनच अंड्याच्या बलकाचा, बारीक शेवयांसारखा ताजारिन पास्ता लोण्यात घोळवून देतात, फोंतिना चीज वितळवून फोंदूता हा दाट सॉस करतात, किंवा नुसती अंडी.

अंडी घरी अशी करा. जाड बुडाच्या लहान तव्यात बिनमिठाचं लोणी मंद आचेवर वितळवा, त्याला रंग येऊ देऊ नका. दोन अंडी फोडा. पांढरं जमलं, बलक अजून हलतोय, इतक्यात उतरवा, मीठ घाला. ताटली आधी गरम करून ठेवलेली हवी. आता किसणीच्या पात्यावर किंवा ट्रफल कापायच्या खास पट्टीवर कागदाइतक्या पातळ चकत्या थेट अंड्यांवर पाडा. पहिल्या दोन चकत्या पडल्या की त्या वाफेने किंचित मऊ पडून बलकाला चिकटतात, आणि वास चेहऱ्यापर्यंत येतो. त्या क्षणी खायला बसा, फोटो नंतर काढा. मिरपूड, लिंबू, मिरची, टोमॅटो यांना जवळ फिरकू देऊ नका.

अंडी खात नसाल तर मऊसर भातावर लोणी आणि मीठ घालून हेच करा. साजूक तूप मात्र नको, त्याचा स्वतःचा खमंग वास ट्रफलवर चढतो.

काळ्याची रीत वेगळी. नॉर्चाकडे ते किसून किंवा खलबत्त्यात ठेचून घेतात. ऑलिव्ह तेलात लसणाची एक पाकळी आणि थोडा अँचोव्ही मासा मंद आचेवर गरम करतात, लसूण काढून टाकतात आणि तेल कोमट झाल्यावर ट्रफल मिसळतात. तेल चुरचुरत असेल तर थांबा. मग त्यात स्त्रांगोत्सी हा जाडसर पास्ता घोळवतात. शाकाहारी मंडळींनी अँचोव्ही वगळला तरी पदार्थ चांगलाच होतो. पण हॉटेलात तो न विचारता घातलेला असू शकतो, म्हणून आधी सांगा. पार्मिजानो आणि फोंतिना या दोन्ही चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढलेलं द्रव्य, असतं, हेही माहीत असू द्या.

उन्हाळी ट्रफलला हात सैल ठेवा. भाजलेल्या पावावर तेल, मीठ आणि जाडसर चकत्यांचा थर, एवढं पुरतं.

हॉटेलात पांढरं मागवलंत तर ग्रॅमचा भाव आधी विचारा. चांगल्या ठिकाणी ट्रफल तुमच्यासमोर वजन करून कापतात आणि नंतर पुन्हा वजन करतात. दोन्ही आकड्यांतल्या फरकाचेच पैसे द्यायचे असतात. ‘बस्ता’ (इटालियनमध्ये ‘पुरे’) म्हटलं की कापणारा थांबतो.

उरलंच तर

टोकं आणि चुरा मऊ केलेल्या बिनमिठाच्या लोण्यात मिसळा, घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत वापरा, किंवा लहान वड्या करून फ्रीझरमध्ये टाका. ताजं ट्रफल तेलात बुडवून मात्र ठेवू नका. मातीतून आलेले बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू तेलाखाली, हवेविना वाढू शकतात, आणि ते वासावरून कळत नाही.