शिक्षा सुनावल्यानंतर: वॉरंट, वजावट आणि दंड यांचा हिशेब कसा तपासावा

फौजदारी न्यायालयाने शिक्षा सुनावल्यानंतर ती प्रत्यक्ष अमलात येते ती कारागृहाच्या प्रमुखाच्या नावे काढलेल्या वॉरंटाच्या आधारे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४५८ नुसार न्यायालयाने हे वॉरंट तत्काळ कारागृहाकडे पाठवायचे असते, आणि आरोपी आधीच तेथे नसेल तर त्यालाही वॉरंटासोबत रवाना करायचे असते. आरोपी निकालाच्या वेळी गैरहजर असल्यास अटक वॉरंट निघते आणि शिक्षा अटकेच्या दिवसापासून मोजली जाते. न्यायालय उठेपर्यंतच्या (त्या दिवशीचे कामकाज संपेपर्यंतच्या) कैदेसाठी मात्र कारागृहाच्या वॉरंटाची गरज नसते.

नातेवाइकांनी पहिले काम करावे ते निकालपत्राची प्रत मिळवण्याचे. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला ही प्रत निकालानंतर लगेच आणि विनामूल्य मिळते. तिच्या शेवटी असलेला आदेशाचा भाग सावकाश वाचावा, कारण वॉरंट त्यावरूनच तयार होते आणि दोहोंत तफावत आढळल्यास दुरुस्तीसाठी वकिलामार्फत त्याच न्यायालयात अर्ज करावा लागतो.

आरोपी खटल्यादरम्यान जामिनावर होता आणि शिक्षा तीन वर्षांपेक्षा अधिक नसेल, तर अपील करण्याचा इरादा सांगून त्याच दिवशी, त्याच न्यायालयाकडे शिक्षा स्थगितीचा अर्ज द्यावा. नाकारण्यास विशेष कारणे नसतील तर अपील दाखल होईपर्यंतच्या वाजवी काळासाठी जामीन मिळतो. बाहेर काढलेला हा काळ शिक्षेत धरला जात नाही, ही गोष्ट अनेकांच्या उशिरा लक्षात येते. दंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत, तर सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील करायचे असते. कैद्याला कारागृहाच्या प्रमुखामार्फतही अपील पाठवता येते, आणि कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

खरी गफलत होते ती सुटकेची तारीख मोजताना. कलम ४६८ प्रमाणे त्याच प्रकरणात तपास व खटल्यादरम्यान भोगलेली कोठडी शिक्षेतून वजा होते, म्हणून कच्चा कैदी म्हणून काढलेल्या दिवसांचा उल्लेख आदेशात आणि वॉरंटात अटक व जामिनाच्या नेमक्या तारखांसह आहे का, हे पाहावे. एकाच खटल्यातील अनेक शिक्षा एकत्रित (एकाच वेळी) भोगायच्या की एकामागून एक, हे न्यायालयाने स्पष्ट करायचे असते. दुसऱ्या खटल्यातील शिक्षा आधीच चालू असेल, तर नवी शिक्षा सामान्यतः ती संपल्यावर सुरू होते. एकत्रित हवी असल्यास तसा आदेश मागावा लागतो. चालू शिक्षा जन्मठेपेची असेल तर नवी तिच्यासोबतच चालते.

समजा, तीन वर्षे आणि एक वर्ष अशा दोन शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत, दंड न भरल्यास एक महिन्याची कैद आहे आणि आठ महिने कोठडीत गेले आहेत. अशा वेळी निकालापासून २८ महिने उरतात. दंड भरला नाही तर त्यापुढे आणखी एक महिना, कारण दंडाबदलीची कैद मूळ शिक्षेत मिसळत नाही आणि कोठडीची वजावटही तिला लागू होत नाही. कारागृहात मिळणारी माफी (शिक्षेच्या मुदतीतील सूट) हा वेगळा हिशेब असून ती येथे धरलेली नाही.

फक्त दंडाची शिक्षा असेल आणि रक्कम लगेच जमत नसेल, तर न्यायालय ३० दिवसांपर्यंतची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकते. एरवी वसुली जंगम मालमत्तेच्या जप्तीने, किंवा जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होऊ शकते. दंडाबदलीची कैद सुरू झाल्यावरही रक्कम भरता येते; पूर्ण भरताच ती कैद संपते आणि अंशतः भरल्यास त्या प्रमाणात कमी होते. भरल्याची पावती कारागृहात वेळेवर पोहोचवणे मात्र कोणा एकाने आपल्या अंगावर घ्यावे.

फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. तोवर कैदी शिक्षा सुनावणाऱ्या सत्र न्यायालयाच्या कोठडी वॉरंटाखाली असतो. इतर शिक्षा पूर्ण झाल्यावर कारागृह अधिकारी ती कशी अमलात आली याची सही-शेऱ्यासह नोंद करून वॉरंट मूळ न्यायालयाकडे परत पाठवतो.